लेथवर आलेला विहिरीचा स्टार्टर

मराठवाड्यातल्या पालमच्या एका वर्कशॉपमध्ये जुना लेथ आहे. त्याच्या वायरिंगचा इतिहास जुळवायला हाती असलेली साधनं मोजकी: हेडस्टॉकवरची पितळी पाटी, मोटारीवरची पाटी, स्टार्टरच्या झाकणाला आतून चिकटवलेला जोडणीचा नकाशा, शेतीपंपाचं एक वीजबिल, मोटारीचं वाइंडिंग भरून देणाऱ्याची चिठ्ठी आणि इलेक्ट्रिकच्या दुकानाचं एक कच्चं बिल. याशिवाय भिंत, वेल्डिंगच्या खुणा आणि खुद्द स्टार्टरमधल्या तारा. हे सगळं एकत्र मांडून वाचावं लागलं ते दोन तक्रारींमुळे. पहिली अशी, की लाल बटण दाबलं की लेथ थांबतो, बोट उचललं की पुन्हा फिरायला लागतो. दुसरी अशी, की लाइट गेली आणि परत आली की लेथ आपला आपण सुरू होतो.

दुसऱ्या तक्रारीचा अर्थ लेथवर उभं राहिलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. चकमध्ये जॉब बांधलेला, चकची किल्ली अजून जागेवरच, व्हर्निअर लावायला टर्नर वाकलेला, आणि तेवढ्यात लाइट येते. किल्ली गोळीसारखी सुटते. बाही किंवा गमछा अडकला तर माणूस चकवर ओढला जातो. इथल्या कामगारांनी यावर आपला उपाय काढलेला होता. बटणांच्या नादी लागायचंच नाही, लेथ थांबवायचा तो भिंतीवरचा मेन स्विच पाडून. रोज हात लावणाऱ्याच्या अंगवळणी ते पडलं होतं. पण काम चालू असताना लाइट गेली की माणूस चहाला उठतो, गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर जातो, आणि मेन स्विच चालूच राहतो. नव्याने कामाला लागलेल्या पोराला तर हे कुणी सांगितलेलंही नसतं.

मालकांची साक्ष स्पष्ट होती. "स्टार्टर लेथसंगंच आलाय, वडलांनी लेथ घेतला तवापासून हाच हाय." वडील आता नाहीत. मुलाची आठवण मोलाची खरी, पण वस्तू काय सांगतात ते तिच्या शेजारी ठेवून पाहायला हवं.

लेथची पितळी पाटी एवढंच सांगते की यंत्र पंजाबात, बटाल्याला बनलं. बटाला, लुधियाना आणि राजकोट इथले परवडणारे लेथ मराठवाड्यातल्या गावागावांत पोचले, त्यातलाच हा एक. पाटीवर साल नाही. पण यंत्राची ठेवण बरंच बोलते. स्पिंडलवर पायऱ्यापायऱ्यांची पुली आहे आणि तिच्या पायऱ्या रुंद, सपाट पट्ट्याच्या मापाच्या आहेत. मोटार ज्या चौकटीवर बसली आहे ती लेथच्या ओतीव अंगाचा भाग नाही. अँगलचे तुकडे वेल्डिंग करून ती मागाहून उभी केलेली आहे. आणि वर्कशॉपच्या मागच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, बेअरिंग धरणारे दोन लोखंडी ब्रॅकेट अजून गाडलेले आहेत. एकेकाळी इथे लाइन शाफ्ट होता. एका ऑइल इंजिनावर हा शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे खाली उतरून लेथ, ड्रिल, ग्राइंडर चालायचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली. त्यानंतरच्या काळात वीज न पोचलेल्या गावांत गिरणी असो की वर्कशॉप, अशा इंजिनांवरच चालत होतं.

म्हणजे लेथ या वर्कशॉपमध्ये आला तेव्हा त्याला स्वतःची मोटारच नव्हती. आणि मोटार नसलेल्या यंत्राबरोबर स्टार्टर येत नाही.

मोटारीची पाटी जास्त बोलकी आहे. २ एचपी, १.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, मिनिटाला १४२० फेरे, जोडणी स्टार, आणि मानकाचा आकडा आयएस ३२५–१९७८. तीन फेजच्या इंडक्शन मोटारींच्या भारतीय मानकाची ही १९७८ची आवृत्ती. पुढची १९९६ला आली. मोटार १९७८च्या आधीची असणं शक्यच नाही, एवढं यावरून पक्कं ठरतं. टर्मिनलवरच्या खुणाही याला जुळतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या मोटारींवर ए, बी, सी ही अक्षरं असत. इथे नव्या पद्धतीची यू, व्ही, डब्ल्यू आहेत. पत्त्यात सहा आकडी पिन कोड आहे, जो १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झाला. शहराचं नाव मात्र नामांतराआधीचं, 'बॉम्बे'च आहे. पाटीवरचा प्रत्येक तपशील एकेका बाजूने काळ आवळत आणतो.

आता स्टार्टर. पत्र्याचा डबा, बाहेर हिरवं आणि लाल बटण, आत कॉन्टॅक्टर आणि त्याच्या खाली, प्रवाह जास्त झाला की मोटार तोडणारा ओव्हरलोड रिले. गावातली मंडळी याला नुसतं 'स्टार्टर' म्हणतात, वायरमन 'डीओएल', म्हणजे डायरेक्ट ऑन लाइन, म्हणतो. रिलेच्या छोट्या चकतीवर आकडे आहेत ६ ते १०, आणि काटा ८वर लावलेला. या सगळ्या साधनांत मला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हाच वाटतो. ३.४ अँपिअर घेणाऱ्या मोटारीवर ६ ते १०चा रिले कुठलाही जाणता वायरमन निवडणार नाही. त्याचा सगळ्यात खालचा आकडासुद्धा मोटारीच्या गरजेच्या जवळपास दुप्पट आहे. ८ अँपिअर हा आकडा ५ एचपीच्या मोटारीला शोभतो. अशी मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते.

५ एचपी कुठून आली, याचं उत्तर मालकांच्याच ट्रंकेत होतं. शेतीपंपाचं एक जुनं बिल, मंजूर भार ५ एचपी. तारखेचा कोपरा ओलीने गेला आहे, पण वरचं 'महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ' शाबूत आहे. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचं ६ जून २००५ रोजी विभाजन झालं आणि वीज वाटपाचं काम महावितरणकडे गेलं. तेव्हा बिल त्याआधीचं. हे बिल पुढे ठेवल्यावर मालकांच्या आठवणीची दुसरी बाजू उघडली. विहिरीवर ५ एचपीची मोटार होती. पुढे बोअर घेतला, पाण्यातली मोटार आली, तिच्यासोबत तिचं वेगळं पॅनल आलं, आणि विहिरीवरचा स्टार्टर रिकामा झाला. "मग वडलांनी तोच हितं बसवला आसंल," ते म्हणाले. लेथ वडिलांचा, स्टार्टरही वडिलांनीच बसवलेला. मुलाच्या आठवणीत दोन्ही एकाच वेळचे होऊन बसले, यात नवल नाही.

आता तक्रारींकडे वळू. त्या उलगडायच्या तर स्टार्टरचं काम एकदा नीट पाहिलं पाहिजे. झाकणाच्या आतल्या नकाशात ते स्वच्छ दाखवलेलं आहे. एका फेजवरून निघालेली तार आधी लाल बटणातून जाते; हे बटण एरवी जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. तिथून ती हिरव्या बटणाकडे येते, जे एरवी तुटलेलं असतं आणि दाबल्यावर जुळतं. पुढे कॉइल, मग रिलेचा ट्रिपचा पॉइंट, आणि शेवटी दुसरा फेज. हिरवं दाबलं की कॉइलला ४१५ व्होल्ट मिळतात, कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटार फिरते. त्याच वेळी कॉन्टॅक्टरला जोडलेला एक लहानसा जादा पॉइंट हिरव्या बटणाला समांतर जुळतो आणि बोट उचललं तरी कॉइलचा रस्ता चालू ठेवतो. वायरमन याला 'होल्डिंग' म्हणतात. सगळी मेख या होल्डिंगमध्ये आहे. लाइट गेली की कॉइल सुटते, कॉन्टॅक्टर सुटतो, होल्डिंगही सुटतं. लाइट परत आली तरी हिरवं बटण कुणी दाबल्याशिवाय मोटार हलत नाही. लाल बटणाचंही तेच: क्षणभर दाबलं तरी होल्डिंग सुटतं आणि सुटलेलंच राहतं.

नकाशाप्रमाणे तारा असत्या तर दोन्ही तक्रारी उद्भवल्याच नसत्या. लाल बटण सोडल्यावर मोटार पुन्हा धावते याचा अर्थ हिरव्या बटणाच्या दोन टोकांमध्ये कायमचा रस्ता आहे. तो तीनच कारणांनी असू शकतो: हिरवं बटण आत अडकलं असेल, होल्डिंगचा पॉइंट ठिणग्यांनी चिकटला असेल, किंवा कुणी मधे तार टाकली असेल.

मेन पाडला, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवले, टेस्टरने तिन्ही फेज मेलेले आहेत याची खात्री केली आणि मल्टिमीटरची टोकं हिरव्या बटणाच्या दोन्ही स्क्रूंवर टेकवली. मीटर वाजला, तिथे शांत राहायला हवा होता. हिरव्या बटणाची एक तार सोडवून नुसतं बटण तपासलं. ते शांत, दाबल्यावरच वाजलं. बटण ठीक. मग होल्डिंगची तार सोडवून तो पॉइंट वेगळा तपासला. तोही शांत, हाताने कॉन्टॅक्टर दाबल्यावरच वाजला. दोन्ही निर्दोष सुटले, पण उरलेल्या तारांच्या टोकांत मीटर वाजतच होता.

नकाशात एके ठिकाणी तुटक रेषा आहेत. लांबवरून चालू-बंद करायचं असेल तर वेगळी बटणं कुठे जोडावीत, त्याची ती जागा. त्या दोन स्क्रूंवरून दोन ॲल्युमिनियमच्या तारा निघून डब्याच्या मागच्या बाजूला गेलेल्या होत्या. बाकी सगळ्या तारा तांब्याच्या, एका हाताने एका मापात वळवलेल्या. या दोनच वेगळ्या, एकपदरी, जाडसर. मागे त्यांची टोकं एकमेकींत पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. डब्याच्या बाजूला एक रिकामं भोक होतं आणि त्यात रबरी बुश अजून शिल्लक होतं. तारा एकेकाळी या भोकातून बाहेर जात होत्या.

बाहेर कशाकडे जात होत्या, हे शेतकऱ्याला लगेच ओळखता येईल. विहिरीवरच्या स्टार्टरला 'ऑटो'चा खटका असतो. खटका वर केला की हिरव्या बटणाची टोकं जुळलेली राहतात आणि लाइट आली की पंप आपोआप धरतो. खटका खाली केला की स्टार्टर पुन्हा नकाशाप्रमाणे चालतो. स्टार्टर लेथवर आणताना कुणीतरी खटका काढून घेतला आणि त्याच्या दोन तारा मोकळ्या सोडण्याऐवजी जुळवून टाकल्या. त्या दिवसापासून हा स्टार्टर कायमचा 'ऑटो'वर आहे.

हा खटका विहिरीवर का लागतो ते समजून घेतलं नाही तर त्या अनोळखी वायरमनवर अन्याय होईल. मराठवाडा १९५६ला हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, पण वीज यायला वेळ लागला; परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला तो १९७१ साली. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ला निघालं तेव्हापासून गावाकडे वीज नेण्याचा मोठा आधार विहिरीवरचा पंप हाच होता. त्यामुळे खेड्यातल्या वायरमनचा हात पंपाच्या वायरिंगवर तयार झाला. पुढे भारनियमन आलं. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले गेले, आणि शेतीला तीन फेजची वीज ठरलेले काही तासच मिळू लागली, पाळीपाळीने कधी दिवसा, कधी मध्यरात्री. मध्यरात्री साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाऊन हिरवं बटण दाबायचं, की घरी निजून पंप आपोआप धरू द्यायचा? खटक्याचं मूळ या प्रश्नात आहे. ऊस आणि गहू जगवणारी ती सोय होती. लेथवर तीच सोय माणसाच्या जिवाशी येते, कारण पंपात कुणाचा हात नसतो.

दुकानाचं कच्चं बिल आता वाचता येतं. त्यावर एकच ओळ आहे: 'स्टॉप बटण १ नग'. लाल बटण 'काम देत नाही' म्हणून कुणीतरी ते बदलून पाहिलं होतं. स्टार्टरमधलं लाल बटण हिरव्याहून नवं दिसतं, तेही याच्याशी जुळतं. बटणात दोष नव्हताच, त्यामुळे बदलूनही तक्रार तशीच राहिली, आणि मेन स्विच पाडण्याची सवय तेव्हापासून पडली असणार.

राहिली मोटार भरणाऱ्याची चिठ्ठी. २ एचपी, ३६ खाचा, स्टार, तारेचा गेज, आणि शेवटी शेरा: 'दोन सेट काळे, एक चांगला'. ज्याने मोटारी भरल्या आहेत त्याला या पाच शब्दांत मोटारीच्या मरणाचं कारण सापडतं. तीन फेजची मोटार नुसत्या जास्त भाराने जळाली तर वाइंडिंगचे तिन्ही सेट काळे पडतात. स्टार जोडणीत एक फेज गेला तर उरलेल्या दोन सेटमधूनच सगळा प्रवाह जातो, ते दोन जळतात आणि तिसरा कोरा राहतो. डेल्टा जोडणीत उलट होतं, एक जळतो आणि दोन वाचतात. चिठ्ठीत 'स्टार' आणि 'दोन काळे' शेजारी शेजारी आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा एक फ्यूज उडाला किंवा लाइनचा एक जंपर सुटला आणि लेथ दोन फेजवर ओढत राहिला.

रिले का पडला नाही? हिशेब सोपा आहे. फेज गेल्यावर तोच भार ओढायला मोटार उरलेल्या दोन तारांतून सुमारे १.७३ पट प्रवाह घेते. ३.४ अँपिअरचे सहाच्या आसपास होतात. प्रवाह १.७३ पट झाला की त्या वाइंडिंगमध्ये उष्णता तिप्पट तयार होते, एवढ्यात इनॅमल करपतं. रिले मात्र ८वर लावलेला. त्याच्या लेखी सहा अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. विहिरीच्या मोटारीसाठी तो आकडा बरोबर होता. खालच्या टोकाला, ६वर लावला असता तरी तो वेळेत पडला असता असं म्हणता येत नाही. कोणता फेज गेला असेल, हे सांगण्याचाही मोह होतो: कॉइल दोन फेजवर आहे, तेव्हा तिसराच गेला असणार, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटला असता. पण फिरती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि कॉइल धरून ठेवू शकते. चिठ्ठीतून तेवढं काढणं म्हणजे पुराव्यापेक्षा जास्त बोलणं.

विहिरीवरून आलेल्या एकाच डब्याने अशा तीन गोष्टी घडवल्या: थांबत नसलेला लेथ, आपोआप सुरू होणारा लेथ आणि जळालेली मोटार. वर्कशॉपमध्ये या तीन वेगळ्या कटकटी मानल्या जात होत्या, आणि प्रत्येकीवर वेगळा खर्च झाला होता.

कायद्याचे कागद इथे थोडेच उपयोगी पडतात. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम २४मध्ये वीज तोडणारं साधन चुकून चालू होऊ नये यासाठी बंदोबस्त सांगितला होता. पण मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा किंवा जास्त कामगार असतील तरच लागत असे. दोन माणसांचं वर्कशॉप त्याच्या बाहेरच राही. भारतीय विद्युत नियम, १९५६मधल्या ६१व्या नियमाने मोटारीच्या अंगाला दोन वेगवेगळ्या तारांनी अर्थिंग मागितलं होतं. ते नियम जाऊन २०१०चे आणि मग २०२३चे आले. या लेथला अर्थिंगची एकच तार होती, तीही रंगाच्या थरावर आवळलेली.

दुरुस्ती शोधापेक्षा लवकर झाली. पिळलेल्या दोन्ही ॲल्युमिनियमच्या तारा मुळापासून काढल्या. रिले बदलून अडीच ते चार अँपिअरचा बसवला आणि काटा ३.४वर लावला. वायरमनने एक फेज गेल्यावर कॉइल तोडणारं, सिंगल फेजिंगपासून वाचवणारं यंत्र जोडलं. टर्नरच्या उजव्या हाताशी, वाकून उभं असतानाही तळहाताने दाबता येईल असं मोठं लाल बटण बसवलं, जुन्या लाल बटणाच्या ओळीतच. रंग खरवडून अर्थिंगच्या दोन तारा वेगवेगळ्या जागी आवळल्या.

मग चाचणी. लेथ चालू असताना मेन पाडला आणि चक पूर्ण थांबल्यावर पुन्हा उचलला. लेथ जागचा हलला नाही. लाल बटण क्षणभर दाबलं, बोट उचललं. थांबला तो थांबलाच. भाराखाली चालताना एक फेज मुद्दाम तोडला. कॉन्टॅक्टर लगेच सुटला. रिले खरोखर पडतो का हे पाहायला ते नवं यंत्र तेवढ्यापुरतं बाजूला काढलं आणि फेज पुन्हा तोडला. जरा वेळाने रिलेही पडला.

"आता मेन पाडायची गरज न्हाई म्हणा की," मालक म्हणाले. वायरमनने त्यांना थांबवलं. "काका, चकला हात लावायचा तर मेन पाडायचाच. बटण हे थांबवायला, मेन हा हात घालायला."

झाकणाच्या आत, जुन्या नकाशाच्या शेजारी, आता एक नवा कागद आहे. त्यावर तारीख, मोटारीचे अँपिअर, रिलेची चकती, काढलेल्या दोन तारा कुठे होत्या ती जागा आणि नवं लाल बटण कुठल्या दोन स्क्रूंमध्ये आहे ते लिहिलं आहे. पंपाचं बिल, भरणाऱ्याची चिठ्ठी आणि दुकानाचं कच्चं बिल प्लास्टिकच्या पाकिटात घालून मेन स्विचच्या पेटीत ठेवली आहेत.